उलटी प्रदक्षिणा

घरच्या घरी गाडी दुरुस्त करणाऱ्याला एक प्रश्न हमखास ऐकावा लागतो, "सकाळी चालू होती ना?" मला तो २००८ सालच्या जुलैतल्या एका रविवारी तीनदा ऐकावा लागला. एकदा सौ.कडून, एकदा समोरच्या निवृत्त स्टेशनमास्तरांकडून आणि तिसऱ्यांदा आईकडून. आईचा प्रश्न जास्त लागला, कारण दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला तिला घेऊन कोल्हापुरात पोहोचायचं होतं. मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं. रक्तातली साखर वाढली म्हणून दोनदा पुढे ढकललेलं. या खेपेला साखर आटोक्यात होती, तारीख मिळाली होती आणि गाडी अंगणात बॉनेट उघडून उभी होती.

एसटी होती की, असं कुणी म्हणेल. होती. पण आईचे गुडघे आणि एसटीची पायरी यांचं बरेच दिवस जमत नव्हतं.

गाडी म्हणजे १९९७ची मारुती ८००, कारबोरेटरवाली. तीन सिलिंडर, ७९६ सीसी. पावसाळा सुरू झाला की ती सकाळी कुरकुर करायची. बेळगावच्या जुलैत माणसांची हाडं कुरकुरतात, तिथं गाडीचं काय! दमट हवा डेल्कोच्या टोपणात शिरते, करंट भलत्याच वाटेनं जातो आणि इंजिन दहादा खोकतं. (डेल्को म्हणजे डिस्ट्रिब्युटर. आपल्याकडच्या सगळ्या गॅरेजांत त्याला डेल्कोच म्हणतात.) असं झालं की शहापुरातल्या आमच्या मिस्त्रींकडे गाडी न्यायची, ही बऱ्याच वर्षांची रीत. ती त्या एप्रिलमध्ये मी मोडली होती.

ते प्रकरण आधी सांगायला हवं. मिस्त्रींचं बिल मी पगार झाल्यावर द्यायचो. एप्रिलच्या बिलात एक ओळ होती, 'प्लग वायर सेट, ३५०'. मी घरी बॉनेट उघडून पाहिलं तर वायरी काळ्या, मातकट, जुन्यासारख्या. नवी वस्तू चकचकीत दिसायला हवी, एवढीच माझी अक्कल. गॅरेजात गेलो आणि दोन गिऱ्हाइकांसमोर म्हणालो, "मिस्त्री, न बदललेल्या वायरींचे पैसे लावू नयेत." ते काहीतरी सांगायला लागले होते. मी ऐकून घेतलं नाही. त्यांनी फडक्याला हात पुसले, पेन घेतलं, ती ओळ खोडली आणि साडेतीनशे रुपये कमी घेतले. मला वाटलं, चोरी पकडली. त्यानंतर मी शहापूरच्या त्या रस्त्यानं जाणंच सोडलं.

तर त्या रविवारी पाऊस उघडल्याचं पाहून मी स्वतःच कामाला लागलो. मी शाळेत विज्ञान शिकवायचो. चार फेऱ्यांचं इंजिन दरवर्षी नववीच्या फळ्यावर काढायचो. प्लग काढून घासावेत, त्यांची फट ०.७ ते ०.८ मिलिमीटर आहे का ते पाहावं, डेल्कोचं टोपण उघडून कोरडं पुसावं, कारबोरेटरवर क्लीनर मारावा, एअर फिल्टर झटकावा. एवढंच करायचं होतं. तासाभराचं काम. तीन प्लगच्या तीन वायरी, चौथी कॉइलची. चारही उपटल्या, एका ओळीत वर्तमानपत्रावर ठेवल्या आणि पुसल्या. एक नंबरच्या वायरीला आणि टोपणातल्या तिच्या जागेला सौ.च्या नेलपॉलिशचा ठिपका लावला. या ठिपक्याचा मला फार अभिमान वाटला होता.

सगळं बसवलं, किल्ली फिरवली. टक्. नुसतं टक्.

यात घाबरण्यासारखं काही नव्हतं. काम करताना बॅटरीची ऋण तार काढून ठेवली होती. ती परत लावताना हातानंच बसवलेली आणि पाना फिरवायचा राहिलेला. सेल्फ एकदम शंभरावर अँपिअर ओढतो. सैल टोकातून दिवा लागेल, हॉर्न वाजेल, पण सेल्फ फिरणार नाही. हेडलाइट लावून किल्ली फिरवावी. दिवे पार विझले तर दोष बॅटरीत किंवा तिच्या टोकांत. दिवे तसेच राहिले आणि सेल्फ मुका, तर दोष सेल्फकडे किंवा त्याच्या वायरीत. आमचे दिवे विझले. पाना फिरवला. सेल्फ फिरला.

आणि फिरतच राहिला. इंजिन हूं की चूं करेना.

इथं बहुतेक जण करतात तेच मी केलं. चोक ओढला, ॲक्सिलरेटर दाबला, पुन्हा किल्ली, पुन्हा चोक. सेल्फ एका वेळी पाच-दहा सेकंदांवर फिरवू नये, मध्ये त्याला आणि बॅटरीला थोडा दम घेऊ द्यावा, हे मला माहीत होतं. माहीत असणं आणि अंगणात शेजारी बघत उभे असताना पाळणं या वेगळ्या गोष्टी आहेत. थोड्या वेळात पेट्रोलचा वास सुटला. प्लग काढले तर तिन्ही ओले. म्हणजे पेट्रोल पोहोचत होतं, जळत नव्हतं. वास येणं ही एका अर्थी चांगली बातमी असते, अर्धा तपास तिथंच संपतो. पेट्रोल आहे, सेल्फ फिरतोय, उरला करंट.

करंट तपासायची जुनी रीत अशी. एक जादा प्लग वायरीला जोडायचा, रबरी मुठीच्या पकडीत धरून त्याचं धातूचं अंग इंजिनाच्या लोखंडाला टेकवायचं, सांडलेल्या पेट्रोलपासून लांब, आणि दुसऱ्यानं किल्ली फिरवायची. हातानं वायर धरण्याचा शहाणपणा करू नये. तिथं हजारो व्होल्ट असतात. सौ. किल्लीवर बसली. ठिणगी नाही. दुसऱ्या वायरीला नाही, तिसऱ्या वायरीलाही नाही. कॉइलकडून येणाऱ्या मधल्या वायरीला मात्र निळी, खणखणीत ठिणगी. म्हणजे करंट डेल्कोपर्यंत येत होता आणि आत गडप होत होता.

टोपण उघडलं. आत जो फिरून तिन्ही वायरींना आळीपाळीनं करंट वाटतो तो रोटरच नव्हता. शोधाशोध झाली. तो सापडला न्हाणीघराच्या खिडकीत, साबणाच्या वडीशेजारी, मीच पुसून वाळत ठेवलेला. सौ. काही बोलली नाही. ती काही बोलत नाही तेव्हा मला जास्त ऐकू येतं.

रोटर बसवला, प्लग कोरडे केले, किल्ली फिरवली. आता इंजिन बोललं, पण काय बोललं! फट्, आणि कारबोरेटरच्या तोंडातून ज्वाळेचा एक लपका वर. मग मागं सायलेन्सरमध्ये सुतळी बॉम्बसारखा बार. समोरचे मास्तर खुर्ची घेऊन आत गेले. सौ. म्हणाली, "अहो, आधी बंद करा ते. बाई आत जप करताहेत." (आईला ती बाई म्हणते.) एअर फिल्टर काढलेला असताना कारबोरेटरवर तोंड नेऊन कुणी किल्ली फिरवू नये, हे मी या ठिकाणी कळकळीनं सांगतो. माझी डावी भुवई पुढं महिनाभर अर्धी होती.

मी काय चुकलो होतो? पुस्तकात स्पष्ट लिहिलं होतं, या इंजिनात ठिणगीचा क्रम १-३-२. मी ठिपक्यापासून सुरुवात करून एक, तीन, दोन असंच लावलं होतं. तीनदा तपासलं. वायरींवर बोट ठेवून मोठ्यानं म्हणून पाहिलं. क्रम बरोबर, ठिणगी हजर, पेट्रोल हजर, तरी गाडी चालू नाही. संध्याकाळी सहाला सेल्फ 'गुर्र' करून थांबला. शाळेच्या प्रयोगशाळेतला मल्टिमीटर लावला तर ११.८ व्होल्ट. भरलेली बॅटरी १२.६च्या आसपास दाखवते, ११.८ म्हणजे जवळपास रिकामा डबा.

शेजाऱ्याची गाडी जवळ लावून तारा जोडाव्या म्हणून मी आमच्या तारा शोधायला डिकी उघडली. चटई उचलली. चटईखाली कन्नड वर्तमानपत्रात गुंडाळलेलं, सुतळीनं बांधलेलं एक पुडकं. सोडलं. आत चार जुन्या प्लग वायरी. एकीचं रबर तडकलेलं, दुसरीच्या टोकाला पांढरा जळका डाग.

मी तसाच उभा राहिलो. मग पुढं जाऊन बॉनेटमधली एक वायर ओल्या फडक्यानं चोळली. एप्रिलपासूनची धूळ आणि चिखल निघाल्यावर खाली छापलेली अक्षरं स्वच्छ दिसली. नवीच होती. सकाळी कोरड्या फडक्यानं पुसताना माझं लक्ष फक्त टोकांकडे होतं.

आई बाहेर आली होती. तिला त्या डोळ्यांनी पुडकं दिसलं नसावं, पण माझं गप्प होणं दिसलं. "काय रे, मोडली का?" म्हणाली. मी म्हटलं, "गाडी नव्हे." आणि एप्रिलचं सगळं तिला सांगितलं. घरात हे कुणाला माहीत नव्हतं. मिस्त्री गावाला गेलेत, असं मी सांगून ठेवलं होतं. आई म्हणाली, "मग जा की. गाडीसाठी नको जाऊस हवं तर. पण जा."

दुसऱ्या रेल्वे गेटवर फाटक पडलेलं होतं. पावसात तिथं दहा मिनिटं उभा राहिलो. काय बोलायचं याची चार वाक्यं जुळवली. मिस्त्री घराच्या पायरीवर बसून मुलाच्या वहीला कव्हर घालत होते. मी पुडकं पुढं केलं. जुळवलेल्या वाक्यांतलं एकही तोंडातून निघालं नाही. "डिकीत होत्या," एवढंच म्हणालो.

त्यांनी पुडक्याकडे पाहिलं. "ठेवलोय म्हणून सांगायलो होतो मी. तुम्ही तापलेलासा."

"चुकलं माझं. चारचौघांत बोललो."

त्यावर ते काही बोलले नाहीत. वहीचं कव्हर पुरं केलं, कोपरे मुडपले, आत ठेवून आले. मग विचारलं, "आणि आता काय केलासा?"

मी सांगितलं. वायरी सगळ्या एकदम काढल्या म्हटल्यावर त्यांनी कपाळाला हात लावला. उद्याच्या ऑपरेशनचं मी सांगितलं नव्हतं. ते गाडीचं निमित्त पुढं करणं झालं असतं. निघताना त्यांनीच विचारलं, "आईंचं डोळ्याचं झालं काय?" आणि उद्या आहे म्हटल्यावर एम-एटीच्या मागं एक बॅटरी बांधून माझ्या आधी टिळकवाडीला पोहोचले.

पुढचं वीस मिनिटांत झालं, पण त्यांनी गाडीला जवळजवळ हात लावला नाही. आधी ऑइलची काडी ओढून वास घेतला. दिवसभर न जळलेलं पेट्रोल सिलिंडरातून खाली ऑइलमध्ये उतरतं, फार उतरलं असेल तर ऑइल बदलल्याशिवाय गाडी चालवू नये. वास बेताचा होता. मग छत्री धरून बाजूला उभे राहिले आणि मलाच विचारत गेले.

"एक नंबर कुठला?"

"ठिपका आहे तो."

"बरोबर. मग?"

"मग तीन, मग दोन."

"कुठल्या बाजूनं?"

मला प्रश्नच कळला नाही. ते म्हणाले, "टोपण काढा. कॉइलची वायर काढून लोखंडाला लावून ठेवा. वहिनी, सेल्फ मारा बघू जरा." आणि मला, "आता रोटर बघा सर, कुठल्या बाजूनं फिरतोय."

रोटर फिरला. मी वायरी लावल्या होत्या त्याच्या नेमका उलट.

भूमिती शिकवणाऱ्या माणसाला हे कळायला दिवस लागावा! तीनच खांब गोलात उभे असले तर एका बाजूनं वाचलेलं १-३-२ हे दुसऱ्या बाजूनं १-२-३ होतं. क्रम पुस्तकातला होता, दिशा माझ्या मनातली. बॉनेटच्या ज्या बाजूला मी उभा होतो तिथून मला जी सरळ वाटली ती. एक नंबरला ठिणगी वेळेवर मिळत होती. दोन नंबरला ती फार लवकर मिळायची. सिलिंडर अजून हवा-पेट्रोल आत ओढतोय, आतली झडप उघडी, तेवढ्यात ठिणगी. भडका उलटा कारबोरेटरमधून वर. तीन नंबरला ती फार उशिरा, तो न जळलेला माल बाहेर टाकत असताना. म्हणून सायलेन्सरमध्ये बार. पंगतीत एकाला पान मांडायच्या आत आमटी आणि दुसऱ्याला हात धुतल्यावर. आई दारात बसून ऐकत होती. ती म्हणाली, "म्हणजे उलटी प्रदक्षिणा घातलीस." मिस्त्री हसले. त्या संध्याकाळचं ते पहिलं हसणं.

मी दोन वायरींची अदलाबदल केली. मिस्त्रींनी त्यांची बॅटरी जोडली, धन टोकाला धन, आणि ऋण तारेचं शेवटचं टोक आमच्या बॅटरीला न लावता इंजिनाच्या लोखंडाला. शेवटची जोडणी होताना ठिणगी उडते आणि बॅटरीतून ज्वालाग्राही वायू निघत असतो, म्हणून ती बॅटरीपासून लांब करायची. "चोक नको. ॲक्सिलरेटर पार खाली दाबून धरा, पंप करू नका," म्हणाले. पेट्रोल प्यालेल्या इंजिनाला अशी भरपूर हवा द्यावी लागते. सेल्फ चार-पाच सेकंद फिरला. एकदा अडखळला आणि मग इंजिनानं जो सूर धरला तो धरला.

तपासाची त्यांची रीत मला नंतर कळत गेली. मी दिवसभर गाडीत बिघाड शोधत होतो. गाडी तर सकाळी चालू होती. बिघडवलं ते मी, तेव्हा मी जिथं जिथं हात लावला तेवढंच तपासायचं, आणि ते ज्या क्रमानं केलं त्याच्या उलट क्रमानं. शिवाय चूक एकच असेल असं धरून चालू नये. माझ्या तीन होत्या: सैल टोक, विसरलेला रोटर, उलट लावलेल्या वायरी. पहिलीनं दुसरीला झाकलं, दुसरीनं तिसरीला. एक चूक सापडली की माणसाला वाटतं, संपलं. मग गाडी चालू झाली नाही की तो न हात लावलेल्या पंपावर आणि कॉइलवर संशय घेऊ लागतो. मीही संध्याकाळी पाचला पंप खोलायला निघालो होतो.

आता हे डेल्को, चोक, कारबोरेटर इतिहासजमा झालं. मारुती ८००चं उत्पादन २०१४च्या सुरुवातीला थांबलं. आजच्या पेट्रोल गाड्यांत वाटप करणारा रोटर नसतो, बहुधा प्रत्येक प्लगवर स्वतंत्र कॉइल असते आणि ठिणगीची वेळ संगणक ठरवतो. पण घरी हात घातल्यावर गाडी बंद पडण्याची कारणं फारशी बदललेली नाहीत. बॅटरीचं टोक अजूनही सैलच राहतं. एअर फिल्टर बदलताना एखाद्या सेन्सरचा जोड निघतो आणि 'टक्' आवाज येईपर्यंत परत दाबला जात नाही. फ्यूज काढून पाहिलेला शेजारच्या घरात बसतो. पॅनेलवर किल्लीची खूण लुकलुकत असेल तर गाडीला किल्ली ओळखता आलेली नाही. तिथं प्लग घासून उपयोग नाही, दुसरी किल्ली लावून पाहावी. काही गाड्या क्लच दाबल्याशिवाय चालू होत नाहीत, आणि ऑटोमॅटिकचा दांडा पी किंवा एनवर हवा. एक सोय मात्र आमच्या वेळी नव्हती, ती प्रत्येकाच्या खिशात आहे: काहीही उपटण्याआधी मोबाइलनं एक फोटो काढून ठेवावा. नेलपॉलिशच्या एका ठिपक्यानं भागत नाही. आणि वायरी एकेकच काढून एकेकच लावाव्यात, म्हणजे दिशेचा प्रश्नच येत नाही. ज्या गावच्या उद्यमबागेत क्रँकशाफ्ट घडतात, तिथं राहून हे मला पन्नाशीत कळलं.

त्या रात्री मिस्त्री निघताना मी पाकीट काढलं. एप्रिलचे साडेतीनशे आणि आजचे दोनशे असे साडेपाचशे पुढं केले. त्यांनी पाचशेची नोट घेतली नाही, सुटे मागितले. सौ.नं आतून आणून दिले. त्यांनी साडेतीनशे मोजून घेतले, दोनशे माझ्या हातात परत ठेवले. "आज मी काय केलो? छत्री धरलो," म्हणाले. आणि पुडकं मला परत देऊन, "त्यातल्या दोन बऱ्या हायेत. टाकू नका. रस्त्यात उंदरानं वायर खाल्ली तर घरापर्यंत आणतील."

पहाटे साडेपाचला आम्ही निघालो. तवंदी घाटात धुकं इतकं होतं की मला पुढचा रस्ता दिसेना आणि आई म्हणाली, "आता कळलं का मला कसं दिसतंय ते?" पावणेनऊला कोल्हापुरात होतो. चार दिवसांनी काळा चष्मा लावून ती अंगणात बसली असताना शहापूरकडून एम-एटी आली. मिस्त्री ऑइल बदलायला आले होते. आईनं चष्मा किंचित वर केला, त्यांना नीट न्याहाळलं आणि म्हणाली, "इतकी वर्षं तुमचा नुसता आवाजच ओळखत होते मी. या, चहा घ्या."